वयस्कर आईवडील घरी दोघंच : सुरक्षितता हवी, पण त्यांची कामं काढून न घेता

पायवाट

आईचं वय ७९, बाबांचं ८३. दोघंच राहतात आणि त्यांना तसंच राहायचं आहे. मध्यंतरी आई न्हाणीघरात घसरली. मुका मार लागला, मोडतोड काही नाही. पण तेव्हापासून आम्हा भावंडांत दोन तट पडले आहेत. दादाचं म्हणणं, आता त्यांना कशाला हात लावू द्यायचा नाही, प्रत्येक कामाला माणूस ठेवू. मला वाटतं, असं केलं तर आई पडण्याने खचली नाही तेवढी या बंदोबस्ताने खचेल.

माझं म्हणणं जरा विस्ताराने मांडते. ताकद वयाने जाते हे खरं, पण न वापरल्यानेही जाते आणि ती फार झपाट्याने जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्ध स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. आजार काही नाही, नुसती विश्रांती. तेवढ्यात पायांतले स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, मार्जरी वॉरेन या ब्रिटिश डॉक्टरबाईंकडे 'आता हे उठणार नाहीत' म्हणून वर्षानुवर्षं खाटेवर ठेवलेले वृद्ध रुग्ण आले. बाईंनी एकेकाला नीट तपासलं, बसवलं, उभं केलं, चालवलं. त्यांतले बरेच जण घरी परतले. वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा उभी राहण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

म्हणून घरात कोणताही बदल करताना मी एकच प्रश्न विचारायचं ठरवलंय : यानंतर आई स्वतःच्या हाताने जास्त करेल की कमी? न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली तर ती एकटी अंघोळ करेल, म्हणजे जास्त. अंघोळ घालायला बाई ठेवली तर कमी. बाईची गरज कधी लागणारच नाही असं मी म्हणत नाही, पण क्रम हा असावा.

याला एक जुनी पद्धत उपयोगी पडली. डॉक्टर लोक रोजच्या सहा गोष्टी बघतात : अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. ही काट्झ यांची यादी १९६३ ची. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी आणखी आठ मांडल्या : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. मी आईबाबांबरोबर बसून प्रत्येकासमोर लिहिलं, काय स्वतः जमतं, कुठे अडतं. 'कुठे अडतं' हे फार महत्त्वाचं. आईला स्वयंपाक जमतो, अडतं ते वरच्या फळीवरचे डबे काढताना, कारण त्यासाठी ती स्टुलावर चढते. म्हणजे स्वयंपाकाला माणूस नको होता, डबे कमरेच्या उंचीवर हवे होते. तासाभराचं काम.

तुमचे अनुभव, माहिती, मतभेद सगळं लिहा. दादालाही हा धागा वाचायला देणार आहे.

उभारी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं घरी जाऊन वृद्धांबरोबर काम करतेय. पायवाट, तुमचा प्रश्न मला फार आवडला.

आधी आईंची एक साधी चाचणी घ्या. हात टेकायची सोय असलेली खुर्ची, समोर ३ मीटरवर खूण. 'सुरू' म्हटल्यावर त्यांनी उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळून यायचं आणि बसायचं. चपला रोजच्या, काठी असेल तर काठीसह. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून तपासणी करून घ्या. वेळ मोजताना तुम्ही त्यांच्या शेजारून चाला, आणि घड्याळापेक्षा त्यांच्याकडे बघा. वळताना फर्निचर पकडतात का? पाय उचलतात की फरफटवतात? बसताना अंग सोडून देतात का? धप्पकन बसणं म्हणजे मांड्या शरीर तोलून धरत नाहीत.

आणि उपाय त्याच खुर्चीत आहे. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. बहुतेक जण ताठ बसून उठायला बघतात आणि मागे पडतात. वाकण्याचा हा भाग समजला की 'उठताच येत नाही' म्हणणारी माणसं पहिल्याच दिवशी उठलेली मी पाहिली आहेत. बसताना सावकाश, मनात तीन मोजत. सुरुवातीला हातांचा आधार घ्या, हळूहळू कमी करा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असू द्या.

न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात बेतलेला व्यायामक्रम याच विचाराचा आहे : पायांची ताकद आणि तोल, आठवड्यातून तीनदा, घोट्याला थोडं वजन बांधून, शिवाय चालणं. त्यावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि सर्वांत जास्त फायदा ऐंशीच्या पुढच्यांना झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ६५ च्या वरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं आहे. नुसतं चालणं पुरत नाही, हे मला अगदी ठासून सांगायचंय. तोल हा वेगळा कमवावा लागतो.

रानपाखरू

धाग्याबद्दल आभार. वाचतेय.

कवडसा

घराबद्दल लिहितो. वडील एकटे राहतात, त्यांच्यासाठी बारीकसारीक सगळं केलंय.

न्हाणीघराचं दार हा विषय कुणी बोलत नाही. दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला, तर तोच दाराला आडवा होतो आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. आम्ही बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं आणि कडी अशी लावली की गरज पडली तर बाहेरून निघते. वडिलांना आतून बंद केल्याचं समाधान आहे. ते गरजेचं आहे. दार उघडं टाकून अंघोळ करा असं कुठल्याही माणसाला सांगू नये.

आधाराच्या दांडीबद्दल. टॉवेल टांगायची दांडी हा आधार नव्हे, अंगाचा भार आला की ती भिंतीतून निघते. आधाराची दांडी भक्कम भिंतीत खोल बसवलेली हवी. जाडी साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर, म्हणजे मुठीत नीट बसते. भिंतीपासून अंतर ३८ मिलिमीटरच्या आसपास. जास्त अंतर सोडलं तर तोल जाताना हात मागे घुसून कोपर अडकतं. रबरी वाटीने चिकटवायच्या दांड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि कुठे बसवायची हे मिस्त्रीला ठरवू देऊ नका. कपडे घातलेल्या अवस्थेत वडिलांना बसायला-उठायला सांगा, त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि तिथे पेन्सिलीने खूण करा.

अंघोळीला पाठ असलेली, रबरी पायांची खुर्ची. हाताने धरायचा शॉवर असेल तर उत्तम. गरम पाण्याची काळजी घ्या : ६० अंश सेल्सियसचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं. वयाने कातडी पातळ होते आणि हात मागे घ्यायला वेळ लागतो. गीझरचं तापमान ४९ च्या वर नको.

उजेड. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना अंधारासारखा असतो. पण झगझगीत, डोळ्यांवर येणारा दिवाही नको. पलंगापासून शौचालयापर्यंत पायांच्या उंचीवर आपोआप लागणारे छोटे दिवे लावले, त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला. पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची पट्टी. सुटी पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी हे सगळं काढलं. एक सतरंजी आईच्या हातची होती, ती काढू नका म्हणाले. ती भिंतीवर लावली.

दुसरी बाजू

मला पायवाट यांचा नियम सगळीकडे लागू पडेल असं वाटत नाही, आणि हे मी कळकळीने सांगतेय. माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया आहे. त्यांना सगळं 'स्वतः' करायचं असतं. गॅस सुरू करून विसरतात, गोळ्या दोनदा घेतात, पहाटे कामावर जायचं म्हणून तयार होतात. तिथे 'जास्त करतील की कमी' हा प्रश्न विचारत बसले तर घर पेटेल. काही कामं काढूनच घ्यावी लागतात, आणि ते करणाऱ्या सुनेला कुणी वाईट ठरवू नये.

पायवाट

दुसरी बाजू, तुमचं म्हणणं मला पटलं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर तो भाग काढून घ्यावाच लागेल. फक्त एक विचारते, अख्खं काम काढून घ्यायचं की त्यातला धोक्याचा तुकडा तेवढा? गॅसचा मुख्य कॉक तुम्ही बंद ठेवलात आणि निवडणं, घड्या घालणं, झाडांना पाणी घालणं त्यांच्याकडे राहिलं, असं जमतं का?

दुसरी बाजू

जमतं. खरं तर तेच चाललंय. कपडे त्यांना निवडता येत नव्हते, गोंधळ व्हायचा. आता मी दोनच सदरे काढून ठेवते, त्यातला एक ते निवडतात आणि घालतात. बटणं लावायला वेळ लागतो, लागू दे. गोळ्या मात्र कुलपात आणि माझ्या हाताने. कामावर जायचं म्हणाले की 'तुम्ही निवृत्त झालात' असं सांगून काही होत नाही, उलट चिडतात. 'आधी चहा घेऊ' म्हटलं की निभतं. त्यांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड कायम असतं.

आणखी एक. सासऱ्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला फार उशिरा कळलं, आम्ही सगळं विसरण्याच्या खाती टाकत होतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण ज्यांवर काही करता येतं अशी १४ कारणं दिली आहेत. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि नजर कमी होणंही आहे. पन्नाशी-साठीतल्यांनी कान तपासून घ्या. यंत्राची लाज वाटते म्हणून थांबू नका.

नाडी

वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून लिहितो. कुणी पडलं की लोक घराची फरशी बघतात. मी आधी औषधं बघतो.

झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं, जास्त मात्रेतली रक्तदाबाची औषधं, यांपैकी बऱ्याचशांनी तोल जातो. वृद्धांना जपून द्यायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे, ती वेळोवेळी सुधारली जाते, २०२३ मध्येही सुधारित आवृत्ती आली. घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ॲलोपॅथीची, इतर पॅथीची, दुकानातून विचारून आणलेली, शेजाऱ्यांनी दिलेली सुद्धा. 'यातलं काय बंद करता येईल?' असं थेट विचारा. पण झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, बरीच वर्षं घेत असाल तर ती हळूहळू उतरवावी लागते.

दुसरं, उभं राहिल्यावरचा रक्तदाब. पाच मिनिटं आडवं राहून एकदा मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. रात्री लघवीला उठून पडणारे अनेक जण याच कारणाने पडतात. उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, घोटे वरखाली करायचे, मग उभं राहायचं. दिवसभरात पाणी पुरेसं प्या. म्हातारपणी तहान लागल्याचं नीट कळत नाही, त्यामुळे तहानेची वाट बघू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याला मर्यादा घातली असेल तर ती पाळा.

तीन गोष्टींत थांबू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि डोक्याला मार लागला, तर माणूस ठीक दिसला तरी रुग्णालयात न्या. पडताना शुद्ध हरपली होती किंवा कसं पडलो ते आठवत नाही, तर हृदय तपासा. आणि कालपर्यंत नीट असलेला माणूस एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर ते वय नव्हे. संसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी अडणं, बद्धकोष्ठता, नवीन औषध यांपैकी काहीतरी असतं आणि त्यावर उपचार होतो.

जेवणाकडेही बघा. एकटी माणसं कमी शिजवतात, त्यात प्रथिनं घटतात. तब्येत बरी असलेल्या वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उभारीताईंचा व्यायाम प्रथिनांशिवाय फळणार नाही.

सांजवेळ

मी ८१ वर्षांची आहे, एकटी राहते. तुम्ही सगळे मुलांच्या बाजूने लिहिताय, म्हणून मी या बाजूने लिहिते.

पडण्याची भीती काय असते ते सांगते. एकदा पडलं की पुढे प्रत्येक पाऊल तपासून टाकायला लागतं. मग बाहेर जाणं कमी होतं, मग घरातल्या घरात फिरणंही. त्यात मुलांनी घाबरून 'तू बस' म्हटलं की आपणही बसतो. मला यातून बाहेर काढलं ते एका फिजिओथेरपिस्टने. तिने पहिल्यांदा मला जमिनीवरून उठायला शिकवलं. पडले तरी उठता येईल हे कळल्यावर भीती निम्म्याने गेली.

डॉक्टरकडे गेल्यावर डॉक्टर माझ्या मुलीशी बोलतात. दुखणं माझं, उत्तर तिला. मुलांनी अशा वेळी नुसतं एवढं म्हणावं, 'आईलाच विचारा.'

कॅमेरा. मुलाने खोलीत लावायचं म्हटलं, मी नाही म्हटलं. झोपताना, कपडे बदलताना कुणी बघतंय या भावनेने घर आपलं राहत नाही. बोलून मार्ग निघाला : सकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत माझा निरोप गेला नाही तर तो फोन करतो, मी उचलला नाही तर किल्ली असलेली शेजारीण येते. दारावर सेन्सर बसवला आहे, त्याला माझी हरकत नाही.

गळ्यातल्या, मदत बोलवायच्या बटणाबद्दल प्रामाणिकपणे सांगते. ते अनेकांकडे असतं आणि कपाटाच्या मुठीला टांगलेलं असतं. दाबलं तर मुलं धावत येतील आणि 'आता इथे राहायचं नाही' म्हणतील, ही धास्ती असते. तेव्हा बटण देताना मुलांनी शब्द द्यावा की हे दाबलं म्हणून तुला घरातून हलवणार नाही. माझ्या मुलाने दिला. तेव्हापासून अंघोळीतही गळ्यात असतं.

नाडी

आजी, तुम्ही म्हणताय त्याला आधार आहे. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांचा पाठपुरावा केलेला अभ्यास २००८ मध्ये आला होता. पडल्यावर तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहिलेल्या बहुतेकांनी जवळ बटण असूनही ते दाबलं नव्हतं. फार वेळ जमिनीवर पडून राहिलं की दाबाच्या जखमा होतात, स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण येतो, अंग गार पडतं. पडण्याइतकंच हे घातक.

पायवाट

सांजवेळ काकू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'मलाही जमिनीवरून उठायला शिकायचंय.' उभारी, कृती लिहाल का?

उभारी

लिहिते, पण पहिल्यांदा जाणकारासमोरच करा. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर आधी विचारा.

खरोखर पडल्यावर लगेच उठायचं नाही. श्वास शांत होऊ द्यायचा, हातपाय हलवून बघायचे. खूप दुखतंय, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, तर हलायचं नाही, मदत बोलवायची. काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर भार घेत हातांवर यायचं, मग हात-गुडघ्यांवर. रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जो पाय जास्त ताकदीचा त्याचं पाऊल पुढे रोवायचं, हातांनी आणि त्या पायाने रेटा देत उठायचं, वळून बसायचं. उभं राहायची घाई नको, थोडा वेळ बसूनच राहायचं.

उठणं जमलंच नाही तर निदान सरकत पांघरुणापर्यंत, फोनपर्यंत जायचं. म्हणून फोन टेबलावर नको, बसून हात पोचेल इतका खाली ठेवा. घरच्यांनी बखोटीला धरून ओढायचं नाही, त्याने त्यांचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. खुर्ची पुढे सरकवा आणि तोंडाने सांगत राहा.

शिकवताना मी उलट्या क्रमाने शिकवते. आधी खुर्चीवरून एक गुडघा टेकून परत वर, ते जमलं की दोन्ही गुडघे, मग रांगणं, शेवटी आडवं होणं.

रानपाखरू

लांब राहणाऱ्यांसाठी थोडं. 'बरी आहेस ना?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येतं. त्याऐवजी आज बाहेर कुठवर गेलीस, काय शिजवलंस, कोण भेटलं, असं विचारते. सलग तीन-चार दिवस बाहेर पाऊल नाही असं लक्षात आलं की समजतं. आणि फोनवरच्या फसवणुकीबद्दल घरात एकच नियम केलाय : घाई करणारा, धमकावणारा किंवा 'कुणाला सांगू नका' म्हणणारा फोन आला की ठेवायचा आणि घरच्यांना लावायचा. पैशांचे व्यवहार आईच बघते, ते मी घेतलेले नाहीत.

कवडसा

चष्म्याबद्दल राहिलं. वडिलांच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायचा, त्यामुळे जिना उतरताना पायरी धूसर दिसायची. आता बाहेर जायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत नेहमी बाहेर पडणाऱ्या वृद्धांचं पडणं अशा चष्म्याने कमी झालं होतं. जे फारसे बाहेर पडत नाहीत त्यांचं बाहेरचं पडणं मात्र वाढलं, तेव्हा सरसकट बदलू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

पायवाट

दादाने सगळं वाचलं. दार आणि दांड्यांचं काम तो करून घेणार आहे, आणि खूण कुठे करायची ते आईला विचारून. माणूस ठेवायचा तो जड सामान आणायला आणि फरशी पुसायला, स्वयंपाक आईकडेच. बाबांच्या औषधांची पिशवी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाईल. बाबा काठी वापरायला तयार झालेत, पण ती दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरतात. बरोबर का?

उभारी

नाही, विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकाच वेळी पुढे. उंची मोजताना रोजच्या चपला घालून हात मोकळे सोडून उभं करा, मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. खालचं रबर झिजलं की लगेच बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, दुसरा हात कठड्यावर. कठडा एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या, कारण उतरताना तो उलट्या हाताला येतो.

पायवाट

आमच्याकडे एकाच बाजूला आहे. दादाच्या यादीत टाकते.